खिडकी कोणी उघडली?

१६ सप्टेंबर, सोमवार

आणि वर खिडकी उघडी! झोपेची तपासणी म्हणून बोलावलं, डोक्याला-छातीला वायरी चिकटवल्या, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, माणसाचं पार बुजगावणं केलं. आणि सकाळी बघते तर खिडकी चार बोटं उघडी. दारही उघडं. म्हणजे रात्रभर आरपार वारं. मान वळत नाही. नर्सला झापलं तर म्हणते, मावशी, हवा खेळती हवी. खेळायचं तर हवेला बाहेर अख्खं अंगण आहे! सर्बियात कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, माणूस कशाने मरतो. सांगेल, वारं बाधून. हॉस्पिटलवाल्यांना तेवढं ठाऊक नाही.

आमच्यात खिडकी उघडतात ती माणूस गेल्यावर. जिवाला बाहेर पडायला वाट हवी म्हणून. जित्या माणसाच्या उशाशी कोण उघडतं?

डॉक्टरीणबाई म्हणाली, वही ठेवा, कधी झोपलात, कितीदा जाग आली ते लिहा. ठेवली. पण लिहीन ते माझ्या मनातलं. दाखवणार कोणालाच नाही.

जाग: एकदाही नाही. मला झोप उत्तम लागते. लोकांच्या डोळ्यांत खुपतं ते हेच.

१९ सप्टेंबर

हे सगळं यास्नाचं. यास्ना माझी सून. मुलगा मिलुटिन ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, घरात आम्ही दोघीच, मग तिला उद्योग काय? माझ्यावर कान ठेवणं. बाजारात चीजच्या टेबलामागे माझा जरा डोळा लागला, गिऱ्हाइकाने स्वतःच चीज कापलं, स्वतःच तोललं, पैसे ठेवले नि गेलं. झालं, हिने डॉक्टरकडे नेलं. गिऱ्हाईक किती प्रामाणिक होतं, ते कोणी बोलत नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

हिवाळ्याचं आय्वार, म्हणजे भाजल्या मिरच्यांची चटणी, घालायची म्हणून अंगणात लाल मिरच्या भाजायला बसले. पन्नास वर्षांची बाई, हजार वेळा भाजल्यात. ह्या वेळच्या मिरच्या खराब निघाल्या. बघता बघता कोळसा. माझ्या ओढणीचं टोकही जळलं. यास्ना बादली घेऊन धावत आली. म्हणे, आई, तुम्ही चुलीवर कलंडला होतात. कलंडले नव्हते, वाकून बघत होते. धूर डोळ्यांत गेला तर माणूस डोळे मिटणारच.

ठरवलं: पुढच्या वर्षी मिरच्या दुसऱ्याकडून घ्यायच्या.

३ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई पोरगेलीशी, बोटांवर शाईचे डाग. म्हणाली, झोपेत तुमचा श्वास तासाला सत्तेचाळीस वेळा थांबतो. मी म्हटलं, बाई, असं असतं तर मी सोमवारीच मेले असते. तर हसली नाही. म्हणाली, रक्तातला प्राणवायू शंभरावरून एकाहत्तरवर उतरतो.

एकाहत्तर! मी चार यत्ता शिकले, जागेपणी कधी इतके मार्क पडले नाहीत. हे तर झोपेत!

मग म्हणाली, तिसरी पायरी. मी विचारलं, एकूण किती पायऱ्या? तीनच. म्हणजे वरची. घरी येऊन यास्नाला सांगितलं तर ती खुर्चीत बसली नि तोंडावर हात ठेवला. आजकालच्या पोरींना कशाचं कौतुक म्हणून नाही.

७ ऑक्टोबर

सकाळी डोकं जड. कोशावा सुटलाय. हा वारा सुटला की गावात सगळ्यांचीच डोकी दुखतात. माझं एप्रिलपासून दुखतंय ते वेगळं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

उपाय ऐकला आणि हसावं की रडावं कळेना. एक मशीन. त्याला नळी, नळीला मास्क, मास्क नाकावर पट्ट्यांनी आवळायचा, आणि रात्रभर मशीन नाकात वारं सोडणार. नाकात! जन्मभर दाराखाली चिंध्या कोंबल्या, गाडीची काच कधी खाली केली नाही, आणि आता वारं पाइपने घरात घ्यायचं, तेही थेट मेंदूकडे!

डॉक्टरीणबाई म्हणाली, तुमचा नंबर लावते. समितीची सही झाली की नोव्हेंबरच्या शेवटी मशीन येईल. तोवर एकट्याने झोपू नका, गाडी चालवू नका, दारू बंद, घरची राकियासुद्धा. मी म्हटलं, माझा नंबर कोणा गरजू माणसाला द्या. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मन मोठं लागतं.

यास्ना बाहेर बाकावर थांबली होती. तिला सांगितलं, नंबर लावलाय, वाट बघायची. खोटं कुठे? नंबर लागलाच आहे, फक्त दुसऱ्याचा.

१२ ऑक्टोबर

माझा उपचार आजपासून सुरू.
पाठीवर झोपायचं नाही. नाइटगाउनला मागे खिसा शिवून त्यात बटाटा घातला. वळलं की टोचेल, माणूस कुशीवर जाईल.
राकिया बंद. झोपताना एक छोटा ग्लास छातीसाठी, ती राकिया नव्हे, औषध.
वजन: नोव्हेंबरातला आमच्या संताचा सण आटोपल्यावर बघू.

१३ ऑक्टोबर

सकाळी बटाटा सपाट. बटाटे चांगले येत नाहीत हल्ली.

२० ऑक्टोबर, रविवार

नणंद आली कॉफीला. स्तानिया. माझ्या झिवोताची थोरली बहीण, कधी हसून बोलली नाही. आली की एकच रडगाणं: माझा भाऊ मेणबत्तीवाचून गेला. मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती द्यायची, नाहीतर पलीकडे अंधारात चाचपडत बसतो. खरंय. पण देणार कधी? झिवोता रात्री घोरत होता, करवतीने लाकूड कापावं तसा. मध्येच थांबायचा, मी म्हणायचे सुटले, तेवढ्यात पुन्हा करवत. त्या रात्री थांबला तो थांबलाच. मला शांत झोप लागली. सकाळी दोन कॉफ्या केल्या. हृदय, असं डॉक्टरने लिहिलं. स्तानिया धावत आली नि आधी खिडकी उघडली. तीन हिवाळे झाले.

कॉफी पिता पिता माझा डोळा लागला म्हणे. स्तानिया माझ्याकडे टक लावून बघत होती. विचारलं, काय गं? म्हणाली, वहिनी, तू पण करवत झालीस.
तीस वर्षं एका उशीवर काढली. लागतात सवयी.

२७ ऑक्टोबर

यास्नाने फोन माझ्या कानाला लावला. ऐका म्हणाली. घोरणं. करवत. मग थांबलं. काहीच नाही. इतका वेळ काही नाही की मला स्वतःलाच श्वास घ्यावासा वाटला. मग बुडता माणूस वर यावा तसा आवाज, नि पुन्हा करवत.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पोरी, तू झिवोताचा आवाज जपून ठेवलास, बरं केलंस. मिलुटिनलाही पाठव.

यास्ना पांढरी पडली. म्हणाली, आई, हे परवाचं आहे. हा फोन मी ह्या ईस्टरला घेतला.
फोनमध्ये जुनं काय काय उरतं. कोणाला ठाऊक.

६ नोव्हेंबर

यास्ना रोज विचारते, मशीनचं पत्र आलं? मी सांगते, सरकारी काम आहे, बाई. आज म्हणाली, मीच फोन करते. मी म्हटलं, खबरदार, रांगेतल्या माणसाने घाई केली की त्याला शेवटी टाकतात. पटलं तिला. शिकलेली पोर, पण भोळी.

दिवसा झोप: नाही. बसमध्ये शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, पण ते मुद्दाम. बघायचं होतं बस कुठवर जाते.

१८ नोव्हेंबर

गुरुवारी सण. आमच्या घराण्याचा संत म्हणजे देवदूत मिखाइल. तलवारवाला. माणसाचा जीव काढून नेतो तोच, त्यामुळे त्याच्या पानात कमी पडून चालत नाही. डुक्कर सांगून ठेवलं. कोबीची पानं खारवलीत. झिवोता गेल्यापासून मेणबत्ती मीच लावते. उंच, पिवळी, जेवणं होईपर्यंत तिला कोणी जागेवरून हलवायचं नाही, फुंकायचं नाही.

ठरवलं: गुरुवारी अजिबात बसायचं नाही. उभ्या माणसाला झोप येत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ

नाक कापलं. तीस वर्षांत असा सण झाला नाही. लिहायलाच हवं, नाहीतर छाती फुटेल.

पाद्री सावा आले, पाव कापला, त्यावर वाइन ओतली, सगळं नीट. वीस माणसं जेवायला. सूप झालं, कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेले सारमे झाले, डुक्कर आणलं. लोक म्हणत होते, राडॉयका, बस की आता, पाय तुटतील. त्यांच्या समाधानासाठी टेकले. पाद्री कोणाच्या तरी बैलाची गोष्ट सांगत होते. मी डोळे मिटून ऐकत होते.

डोळे उघडले ते थंडीने. समोरची खिडकी सताड उघडी! नोव्हेंबरात! पडदा आत उडतोय, वारं सरळ माझ्या मानेवर, आणि वीसच्या वीस माणसं उभी. कोणीच घास चघळत नव्हतं. यास्ना माझ्या गालावर थपडा मारतेय, रडतेय. माझ्या उजव्या मुठीत मेणबत्ती. आमची, सणाची! तिच्या जागेवरून उचललेली! मूठ स्तानियाने दोन्ही हातांनी आवळून धरलेली, मेण माझ्या बोटांवर ओघळतंय.

मी ओरडले, खिडकी कोणी उघडली? पाद्रींनी छातीवर क्रूस काढला, तोही माझ्याकडे बघत. मी म्हटलं, बैलाचं पुढे काय झालं? तर ते दोन पावलं मागे सरकले.

मग सगळे निघाले. केक कापलाच नाही. डुक्कर अर्धं तसंच. निघताना स्तानिया वाकली आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला. आयुष्यात कधी गालाचा घेतला नाही तिने, एकदम कपाळाचा!

खिडकी उघडणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

२२ नोव्हेंबर

चौकशी. यास्ना म्हणते, मला ठाऊक नाही, मी तुम्हाला हलवत होते. शेजारीण म्हणते, ताई, जाऊ द्या. खाटिक म्हणाला, मी पाठमोरा होतो. तरी उघडली कोणीतरी. कडी गंजलेली आहे, जोर लावल्याशिवाय निघत नाही. मुद्दाम उघडली.

बोटांवरचं मेण निघालं. खाली कातडी लाल आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

स्तानियाला फोन केला. म्हणाली, मी उघडली.
मी म्हटलं, का? अंगावर वारं घालून मला मारायचं होतं?

म्हणाली, वहिनी, झिवोताला उघडली तशीच उघडली. तू निळी पडली होतीस. पाद्रींनी तोंडापुढे चमचा धरला, त्यावर वाफ येईना. एकाला मेणबत्ती देता आली नाही, म्हटलं दुसरीला तरी देऊ.

मी फोन ठेवला.

कपाळावरचा मुका. तो कोणाचा घेतात ते ठाऊक आहे मला. झिवोताचा मीही घेतलाच होता.

२४ नोव्हेंबर

रात्रभर बसून होते. झोपले नाही. आज पहिल्यांदा हे खरं लिहिलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

यास्नाने मला न विचारता हॉस्पिटलला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची पोरगी म्हणाली, बाईंनी नंबर स्वतःच सोडला, ऑक्टोबरातच. त्यांच्या वाट्याचं मशीन गेल्या गुरुवारी एका गृहस्थाला दिलं. आता पुढचं ईस्टरनंतर.

गुरुवारी. म्हणजे मी मेणबत्ती धरून बसले होते तेव्हा तो बाबा पट्ट्या आवळून बघत असणार.

यास्ना ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. उठली, तिची गादी माझ्या खोलीत आणून टाकली. म्हणाली, आई, मी जागी राहीन, तुम्ही थांबलात की हलवीन. पहाटे सहाला कामावर जाते ती पोर. किती दिवस हलवणार?

मग फोन मी घेतला. म्हटलं, हे बघ मुली, लिहून घे. वारं नाकातून सोडा, कानातून सोडा, मला चालेल. पट्ट्या हव्या तितक्या आवळा. समितीला सांग, राडॉयकाबाईंनी नंबर सोडला होता तो परत घेतला. ती म्हणाली, असं होत नसतं, मावशी. मी म्हटलं, समितीत जे कोण बसतं त्याला विचार आणि मला कळव. ईस्टर नको. ईस्टरला येशू थडग्यातून उठला, माझ्याकडे कोण उठणार आहे ते अजून ठरलेलं नाही.

१९ डिसेंबरला संत निकोला. स्तानियाच्या घरचा सण. मी जाणार, टेबलाशी बसणार, डुकराचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत बसणार, आणि त्या घरातल्या सगळ्या खिडक्या बंद राहिल्या पाहिजेत. फोन ठेवण्याआधी त्या पोरीला बजावलं: मशीन देता की नाही, १९ तारखेच्या आत उत्तर हवं. हो किंवा नाही, एका शब्दात.