उजवी कळी

तळेकोंड, ता. रत्नागिरी
६ नोव्हेंबर १९२९

चिरंजीव भागोजीस काशीरामचे अनेक आशीर्वाद. वि. वि. दिवाळीचे लुगडे पोचले. तुझी वहिनी ते नेसून देवळात आली आणि गिरणीत राहून भाऊजींना रंगाची पारख आली म्हणाली. तिची आई गेल्यापासून तुझी विमला अबोल झाली होती. आता चौथीत गेली आहे आणि पाढे म्हणताना घर डोक्यावर घेते.

काळजीची गोष्ट अशी. आपल्या जुगाईदेवीच्या सभामंडपात शाळा भरते, तूही तिथेच धडे घोकलेस. रामा महाराची मैना विमलाच्याच वर्गात आहे, पण बाहेर, पागोळीखालच्या चिऱ्यावर बसते. मास्तर तिची पाटी लांबूनच पाहतात. पावसाळाभर ती गोणपाट डोक्यावर घेऊन बसली, एक दिवस चुकवला नाही. आता लोकल बोर्डाचा हुकूम आला आहे की सर्व मुलांनी एका ओळीत बसावे, नाहीतर महिनाअखेर शाळा बंद.

गावकीत आप्पा गावकर म्हणाले की शाळा बोर्डाची असेल, मंडप आईचा आहे. धर्मात हात घालणार नाही असे राणीसरकारचे वचन होते, ते बोर्डाने वाचले नाही काय? शिमग्यात पालखीपुढची मशाल रामाची, ती आम्ही कधी मागितली? मग त्याने आमची पायरी का मागावी? आप्पा वाईट माणूस नव्हे. मी शाळेला दुसरी जागा द्या म्हटल्यावर मात्र सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. शेवटी आईलाच विचारायचे ठरले. सोमवारी, २५ तारखेला, गुरव म्हणून मी कौल लावायचा. तिच्या उजव्या खांद्यावर पाण्याने चिकटवलेली कळी आधी पडली तर मुले आत, डावी पडली तर नाही.

सेवा नीट घडो एवढेच मनात आहे. पत्र लवकर टाक.

काशीराम


परळ, मुंबई
१४ नोव्हेंबर १९२९

तीर्थरूप दादांच्या चरणी भागोजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आप्पांना सांगा, शाळा जुगाईच्या पेटीतून चालत नाही. लोकल फंडावर चालते आणि तो रामाकडूनही वसूल होतो. आमच्या चाळीपुढे परवा सभा झाली. सार्वजनिक जागा सगळ्यांना सारखी, असे वक्ते म्हणाले तेव्हा मी टाळ्या वाजवून हात लाल केले.

शाळा बंद पडली तर माझी पोर चुलीपुढे बसेल, हे मला सोसवणार नाही. दादा, तुमचा हात तीस वर्षांचा. कोणती कळी किती पाण्याने किती वेळ टिकते हे आईपेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक. उजवी कोरडीच टेकवा. आई रागावली तर माझे नाव सांगा. तिला इथवर यायला आगबोटीचे तिकीट काढावे लागेल.

वहिनींस नमस्कार, विमलास आशीर्वाद. आहे ती माया राहू द्यावी.

आपला धाकटा,
भागोजी


तळेकोंड
२८ नोव्हेंबर १९२९

चि. भागोजीस आशीर्वाद. तू थट्टेने लिहिलेस हे समजलो, तरी ते पत्र मी देवघरात ठेवू शकलो नाही. कौलात लबाडी करणाऱ्या गुरवाने उद्या घंटा तरी कोणत्या हाताने वाजवावी?

सोमवारी सारा गाव जमला. रामा आणि मैना चिंचेखाली लांब उभी होती. मी गाऱ्हाणे घातले, सगळे होय महाराजा म्हणाले. माझे शेवटचे शब्द तोंडात असतानाच डावी कळी पडली. आप्पांनी डोळे पुसले आणि आईने लाज राखली म्हणाले.

काल मास्तर नकाशा, खुर्ची आणि दप्तर बैलगाडीत घालून गेले. विमला अपूर्णांकांपर्यंत आली होती, पुढे काय असते असे मला विचारते. मला ठाऊक नाही. आज सकाळी मैना येऊन त्याच चिऱ्यावर बसली, रिकाम्या मंडपाकडे तोंड करून. दुपारी रामाने येऊन तिला उठवून नेले.

तू सभेत टाळ्या वाजवल्यास म्हणून विचारतो. तुझ्या गिरणीच्या मागखात्यात महार किती आहेत?

थोरला,
काशीराम


परळ, मुंबई
९ डिसेंबर १९२९

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले. मागखात्यात एकही नाही. धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते, एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो. सभेनंतर चौथ्याच दिवशी एक महार उमेदवार आला. त्याला माग दिला तर आम्ही काम बंद करू, असे सगळ्यांनी साहेबाला कळवले. त्यात मीही होतो. आमच्याकडे तर देवीही नाही कारण सांगायला.

एक विचारतो. लहानपणापासून प्रत्येक कौल तुम्ही मला कळी निवडण्यापासून सांगत आलात. या खेपेला नुसते डावी पडली एवढेच लिहिलेत. हात कसा होता, दादा?

तुमच्या मायेचा आधार असलेला,
भागोजी


तळेकोंड
२ जानेवारी १९३०

चि. भागोजीस आशीर्वाद. तू विचारलेस म्हणून लिहितो.

उजवी कळी मी दोनदा भिजवली. विमलाच्या शाळेच्या लोभाने माझा हात ती हलकी लावील, अशी मला धास्ती पडली होती. तुझे पत्र डोक्यात होते, पण त्यावर दोष ढकलत नाही. तो लोभ मोडायला म्हणून मी कळी पाण्यात बुडवली आणि अंगठ्याने दाबून बसवली. आईशी कपट होऊ नये म्हणून केले आणि तेच कपट झाले. तिला बोलायला मी जागाच ठेवली नाही.

परवा हे गावकीपुढे सांगितले आणि दुसऱ्या कोणाच्या हाताने पुन्हा कौल लावा म्हटले. आप्पांनी मला आधी पाणी दिले. मग म्हणाले, काशीराम, तुझ्या अंगठ्यात बळ कोणी घातले? आईनेच ना? मग कौल खराच. कोणी तरी हसून गुरवाला म्हातारचळ लागला म्हणाला आणि सगळे जेवायला उठले. मला कोणी एक शब्द दोषाचा बोलले नाही. कोणी बोलले असते तर बरे झाले असते.

मग जन्मात पहिल्यांदा महारवाड्यात गेलो. मैना घरी नव्हती, आईबरोबर चिरेखाणीवर दगड वाहायला जाते. रामाने सगळे उभ्याने ऐकून घेतले. म्हणाला, जुगाईनेच पोरीला नको म्हटले या रागाने महिनाभर देवळाच्या दिशेला हात जोडले नव्हते. तिने नाही म्हटले नव्हते हे कळले, आज जोडीन. मग म्हणाला, गुरवांनी मात्र पुन्हा या अंगणात येऊ नये. मी बरे म्हटले आणि निघालो.

विमलास शिमग्याआधी येऊन घेऊन जा. तिकडे शाळा आहे. माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी मी काही म्हणणार नाही, तिच्यावरचा वाढव.

काशीराम