शेळीवाल्यांचं वर्तुळ

अप्पा,

शाळेतून आले, चहा टाकला आणि कपडेही न बदलता तुम्हांला लिहायला बसले. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायचं मी विसरूनच गेले होते. या आठवड्यात मात्र चांगला सणसणीत राग आला, आणि आज दुपारी गेलासुद्धा. तो का आला आणि कसा गेला, हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

मी आता सुप्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. हसू नका. तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एड. करत होते आणि गणित सोडून काहीही शिकवीन म्हणत होते. वर्गात निम्मी मुलं आसपासच्या वस्त्यांवरची आहेत, निम्मी एमआयडीसीत कामाला आलेल्या लोकांची. आणि तुम्ही न पाहिलेली तुमची नात यंदा नववीत, माझ्याच तुकडीत आली आहे. नववीचं पहिलं प्रकरण अजूनही संच. ते आलं की मला फळा सुचतच नाही, एकदम मैदान दिसायला लागतं. हे खूळ तुमचंच.

खर्ड्याच्या अलीकडचं ते गाव, तुम्ही शिकवायचा आणि मी तुमच्याच वर्गात होते त्या शाळेमागची ती खडकाळ जागा. खो-खोच्या आखणीसाठी आणलेली चुन्याची फक्की तुम्ही शिपायाकडून मागून घेता आणि स्वतः वाकून जमिनीवर दोन मोठी वर्तुळं आखता, एकमेकांत थोडी शिरलेली. भोवती मोठा चौकोन. धोतराच्या काठाला पांढरं लागलेलं, नाकाच्या शेंड्यावरही. "ज्यांच्या घरी शेळ्या ते डाव्या वर्तुळात. ज्यांच्या घरी म्हशी ते उजव्या. पळा." सगळे पळतात. ज्यांच्या घरी दोन्ही आहेत ती पोरं गोंधळतात आणि एक पाय या वर्तुळात, एक त्या वर्तुळात टाकून फेंगडी उभी राहतात. दर वर्षी कुणीतरी ही चूक करायचंच आणि तुम्ही तिची वाटच बघत असायचा. "आरं, अर्धा हिकडं अर्धा तिकडं नसतं. दोन्ही वर्तुळं जिथं एकमेकांत शिरलीत, तिथं मधी ये. आता तू हिकडं बी पुरता आन् तिकडं बी पुरता. याला म्हनायचं छेद."

मी मात्र कुठंच जाऊ शकत नव्हते. मास्तरांच्या भाड्याच्या दोन खोल्या, तिथं कसली शेळी आणि कसली म्हैस? सगळा वर्ग त्या वर्तुळांत खिदळत होता आणि मी एकटी बाहेर. शेवटी रडवेली होऊन म्हणाले, "अप्पा, मी कुठं उभी राहू?" सगळे फिस्सकन हसले. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. "इथं कोणी अप्पा नाही. सर म्हणायचं, आणि हात वर करून विचारायचं." मी हात वर केला, "सर" अशी हाक मारली, पुन्हा विचारलं. तुम्ही वर्गाकडे तोंड करून सांगितलंत, की ही दोन्ही वर्तुळांच्या बाहेर आहे, पण चौकोनाच्या आत आहे, म्हणजे विश्वसंचात आहेच. उत्तर अगदी बरोबर होतं. मला ते नको होतं.

त्या संध्याकाळी मी घरात म्हणाले, "सर, चहा झालाय." आईला वाटलं थट्टा चालली आहे. दुसऱ्या दिवशीही सर. "सर, पाणी तापलंय." "सर, आई जेवायला बोलवतीय." तुम्ही पेपर बाजूला ठेवून उठायचा. आईच शेवटी वैतागली. "लई झालं तुमचं दोघांचं. ती ल्हान हाय, तुमी तर न्हाई ना?" तुम्ही पेपरमागून म्हणालात, "शाळंत मुलगी म्हणून वागवली तर बाकीच्यांनी कुणाकडं बघायचं?" हे मी पाठ फिरवून ऐकलं. पटलंही. पण राग पटण्यावर थोडाच अवलंबून असतो?

आणि मग बाजारच्या दिवशी तुम्ही खर्ड्याहून सायकलवर आलात, कॅरियरला बांधलेल्या गोणीतून एक काळं करडू डोकं काढून ओरडत होतं. भाजीची पिशवी रिकामीच. आईनं कपाळाला हात लावला. "आवं, हे कशापायी?" तुम्ही सायकल लावता लावता म्हणालात, "असू दे. दुधाला होईल." आईनं करडाला उचललं, खालून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "दुधाला? आवं मास्तर, ह्यो बोकड हाय!" जन्मभर आकड्यांत घालवलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मला अजून दिसतं. तुम्ही टोपी काढली, डोकं खाजवलं आणि फार हळू विचारलंत, "पण शेळ्यांत धरतात ना याला?"

पुढच्या गणिताच्या तासाला तुम्ही पुन्हा फक्की मागितली. मुलं म्हणाली, "सर, हे झालंय." तुम्ही म्हणालात, उजळणी. पुन्हा तीच वर्तुळं, त्याच शेळ्या-म्हशी. मी शेळीवाल्यांच्या वर्तुळात जाऊन उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे तेव्हाही बघितलं नाही, पण उगाच दोनदा खाकरलात.

आता परवाचं सांगते. मी मैदानावर वर्तुळं आखली. एक ज्यांच्या घरचं कुणी कंपनीत जातं त्यांचं, दुसरं ज्यांच्या घरी शेती आहे त्यांचं. तुमचे जावई एसटीत कंडक्टर, मी शाळेत. पोर एकटी बाहेर राहिली आणि म्हणाली, "मम्मी, मी कुठं जाऊ?" वर्ग हसला. अप्पा, खरं सांगते, मी विचार केलाच नाही. तुमचं ते वाक्य तोंडात तयारच होतं. "इथं कोणी मम्मी नाही. मॅडम म्हणायचं." तिनं हात वर केला. तो वर गेलेला हात मला माझाच वाटला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, भाजी वाढा." मला हसू आलं आणि मग हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती ढिम्म. बापाला म्हणाली, मला ब तुकडीत घाला, सोमवारी अर्ज द्या. मी कारण विचारलं तर म्हणाली, "शाळेत तू माझी नसतेस." एवढंच. नववीतल्या मुली एकदा दार लावून घेतात ते कधी उघडतील याचा नेम नसतो, हे मी रोज वर्गात बघते. रात्रभर तुमच्यावर चडफडत होते. इतकी वर्षं सांभाळून ठेवलं ते काय, तर हे वाक्य! आणि बोकड आणावा तर आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

आज पुन्हा फक्की घेतली. मुलं म्हणाली, मॅडम, हे झालंय. मी म्हणाले, उजळणी. एक वर्तुळ नववी अ चं. दुसरं, त्यात शिरलेलं, माझ्या हातचा डबा खाणाऱ्यांचं. सगळा वर्ग पहिल्यात शिरला. माझी पोर दोन्हीकडे एकेक पाय टाकून फेंगडी उभी राहिली, मान खाली. मी म्हणाले, "अर्धं इकडं अर्धं तिकडं नसतं. मध्ये ये. दोन्हीकडं पुरती." ती हलली नाही. तेवढ्यात वस्तीवरची एक मुलगी ओरडली, "मॅडम, तुमच्या डब्यातलं आमी बी खाल्लंय की!" आणि ती मध्ये घुसली. तिच्यामागे आणखी चारपाच जणी. व्याख्या कच्ची ठेवली की असं होतं, तुम्ही असता तर पट्टी आपटली असती. मी दुरुस्ती केली. रोज खाणारे. हळूहळू सगळ्या मागे सरकल्या. मध्ये जागा मोकळी झाली. मग ती आली. दोन्ही पाय आत घेऊन उभी राहिली.

"एकच घटक," मी म्हणाले. "एक असला तरी संच असतो का?" तिनंच उत्तर दिलं, "असतो, मम्मी," आणि जीभ चावली. कुणीतरी हसलं. मी म्हणाले, "इथं दोन्ही चालतं." मीही मग दोनदा खाकरले.

मघाशी ती बाहेरून आली, चपला भिरकावल्या आणि विचारलं, मम्मी, खायला काय आहे. ब तुकडीचा विषय अजून निघालेला नाही. सोमवारपर्यंत निघणारही नाही असं वाटतं. चहा पार निवला.

तुमच्यावरचा राग गेला तो असा. मधल्या जागेत कसं उभं राहायचं हे तुम्ही गावभरच्या पोरांना शिकवलंत आणि तुम्हांला स्वतःला ते जमलं नाही, म्हणून सायकल मारत खर्ड्याला गेलात. तो बोकड आपल्याकडे म्हातारा होऊन मेला. जत्रेला त्याला मागायला लोक यायचे, तेव्हा तुम्ही "तो शाळेचा आहे" असं ठोकून द्यायचा.

एक सांगायचं राहिलं होतं. गोणीतून त्याचं डोकं दिसलं तेव्हाच मला कळलं होतं, तो कशासाठी आणलाय ते. तरी मी पुढं आठवडाभर घरात तुम्हांला सर म्हणत राहिले. राग कधीच गेला होता. तुम्ही माझ्यासाठी म्हैस आणता का, ते बघायचं होतं.