वरची काळी चार

शनि. १० जाने.
हंगाम ठरला. तीन शनिवार, तीन संगीत नाटकं. पहिलं ३१ ला, नायिका मी. वर बातमी लिहायचं कामही माझ्याकडेच. दिग्दर्शक विलास सर म्हणतात, "गाणाऱ्यांत शुद्धलेखन येणारी तू एकटी."
दुसऱ्या अंकातलं पद आजोबांच्या चालीत. ते नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. त्या नाटकाचं ध्वनिमुद्रण नाही, नोटेशन नाही. चाल फक्त आत्याकडे, आणि आत्याकडून माझ्याकडे. 'उंबऱ्याशी' या शब्दावर वरच्या सा वर थांबायचं, मधला कोमल नि गाळून थेट ध वर उतरायचं. सर खूश. "काय जागा आहे! बाईचा पाय अडखळतो तिथे. बातमीत घाल." घातलं: 'निषाद वगळून गाण्याची घरची खास रीत'.

सोम. १२
खारी गावातल्या हॉलवर तालीम. ऑर्गनवरच्या मेधाताई सहज म्हणाल्या, "वरचा नि वगळतेस, मग शेवटी खालचा कसा घेतेस गं?"
खरंच घेते. वीस वर्षं गातेय, लक्षातच आलं नाही. रीत असेल तर दोन्हीकडे हवी ना? घरी येऊन दहा वेळा गाऊन पाहिलं. खालचा येतो, वरचा नाही. का?

बुध. १४, संक्रांत
आत्याला विचारलं. गुळाचा पाक चालू असताना, चूक माझीच. "बाबांनी शिकवलं तसं शिकवलं. आता तुझ्या मेधाताईंना विचारून गाऊ का मी?" नंतर वडी हातावर ठेवत: "घे. गोड बोल, आणि कमी बोल."
पाहुण्यांना ती नेहमी सांगते, "आमच्याकडे तो सूर घेत नाहीत." आवाज असून तिला नाटकात जाऊ दिलं नव्हतं. तिची म्हणावी अशी ही एक जागाच आहे. उगाच विचारलं का? पण आता डोक्यातून जात नाही.

रवि. १८
सरांना आजोबांची घरची पेटी रंगमंचावर हवी. भाता गळतोय. डोंगरी गावात फ्रान्सिस अंकलकडे नेली, ते चर्चचे ऑर्गनही दुरुस्त करतात. रिक्षावाला: "मॅडम, सिलाई मशीन है क्या?"
अंकलनी पेटी उघडली, चष्मा कपाळावर चढवला, नाक आत घातलं. "ह्यो एक सूर, ही पितळेची पात, ह्या पेटीचा न्हाय, पोरी. मागाहून बसवलेला हाय."
कुठल्या पट्टीचा? वरची काळी चार.
आम्ही काळी पाचला सा धरून गातो. म्हणजे वरचा कोमल नि. तोच.
"आधी काय होतं तिथे?"
"काय असनार? पट्टी मुकी असंल."
भात्यासाठी पेटी तिथेच ठेवली. निघण्याआधी पट्ट्या तीनदा मोजल्या.

मंगळ. २०
बातमीची शेवटची मुदत. 'घरची खास रीत' खोडलं. 'पारंपरिक चाल' लिहिलं. ते तरी खरं का? तसंच पाठवलं आणि सरांना सगळं सांगून टाकलं. वाटलं चिडतील. हसले. "मुकी पट्टी! अगं, ही तर खरी बातमी."
म्हटलं, "नाही हं सर. आत्याला कळायच्या आधी कुठेही नाही."
"मग तिला सांग. आणि काय गायचं ते तुम्ही दोघी ठरवा. माझा पडदा ३१ ला वर गेला म्हणजे झालं."

शुक्र. २३
सांगितलं. आत्या मेथी निवडत होती, निवडतच राहिली.
"मुकीच होती ती. बाबा म्हणायचे, तिथे बोट नको. मला वाटलं, त्या सुरावर नको."
"मग सूर बसवला कधी?"
"गिरगाव सोडून इथे जेसल पार्कला आलो तेव्हा. बाबांनीच बसवून आणला. हात थरथरायचे, स्वतः वाजवत नव्हते."
"मग कशाला?"
"तू झाली होतीस."
आता ती काड्यांतही पानं टाकत होती.
"पोरीला ते पद नीट शिकव, म्हणाले होते. 'नीट' म्हणजे काय, ते मी विचारलंच नाही. म्हटलं, मला येतं."
मी काड्यांतली पानं वेचत जुडी संपेपर्यंत बसून राहिले.

सोम. २६
तालमीत नि घेऊन गायले. गळा इतका सहज उतरला की दचकले. आयुष्यभर एक पायरी सोडून उतरत होते जणू. पण बाई उंबऱ्याशी थांबतच नाही. ओलांडून जाते.
मेधाताई: "आता बरोबर वाटतं."
सर: "पण आधीचं खरं वाटत होतं."
मी पाणी प्यायला गेले.
आणखी एक. आजोबा कंपनीत ऑर्गनवर वाजवायचे, त्याच्या सगळ्या पट्ट्या बोलत असणार. तिथे हा नि होता का? की मुक्या पट्टीमुळे गळला आणि त्यांनाही आवडला? मग दुरुस्त का केला? कोणाला विचारू?

गुरु. २९
आज पेटी दुरुस्त होऊन आली. आत्याने फडक्याने पुसली, वरच्या काळी चारवरून फडकं दोनदा फिरवलं. वाजवली नाही. मग म्हणाली, "त्या पदाला साथ मी करणार. सांग तुझ्या सरांना."
"आत्या, स्टेजवर?"
"मग काय गच्चीवर?"
सर एका पायावर तयार. मेधाताईंनी आपणहून खुर्ची दिली.
आत्याला विचारलं, "पण नि घेणार की नाही?"
"लहानपणी गायचीस तशी गा. माझ्या बोटाकडे बघून."

शनि. ३१
सकाळ. नऊवारी इस्त्री करून ठेवली. घशाला काही नाही, तरी दोनदा गुळण्या केल्या.
आत्या आतल्या खोलीत, दार लावून. पद वाजवतेय. पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत. मी भिंतीला कान लावून. 'उंबऱ्याशी' आलं. वरचा सा. लांबवला, नेहमीपेक्षा जास्त.
कुकरची शिट्टी झाली.
शिट्टी थांबली तेव्हा पेटी ध वर होती.