तीन पेनीच्या मागच्या दोन रेघा

खोली क्रमांक ११, मुलुंड (पूर्व)
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना,

इथूनच पाया पडतो. शकुमावशीच्याही, कारण तुमचा डोळा बरा होईपर्यंत हे पत्र तीच मोठ्याने वाचणार. मावशी, अक्षर असंच आहे, शाळेतही असंच होतं. कुठे अडलीस तर अंदाजाने पुढे जा. पण पान गाळू नकोस.

आबा, जमलं! पूर्ण खोका लावून झाला. बुटांचा तो मोठा खोका, सुतळीने बांधलेला, तुम्ही आणि मिलमधल्या तुमच्या दोस्ताने, धाकूकाकांनी, मिळून घेतलेला, 'रिटायर झाल्यावर बसू' म्हणून ठेवलेला. दोन हजार तीनशे चाळीस इंग्लिश तिकिटं. सगळी डेफिनेटिव्ह, म्हणजे रोजच्या टपालाची, एकावर एक तीच राणी. आणि हे काम मी केलं. मी! बारावीचा फॉर्म भरून परीक्षेच्या दिवशी तारकर्लीला पळालेला तुमचा नातू शिवदास. आईला अजून खरं वाटत नाही. ती येऊन मी लावलेली तिकिटांची पाकिटं मोजून गेली.

पहिल्यापासून सांगतो. तुम्ही देवगडहून आईला फोनवर म्हणालात ना, "इमारत पाडायच्या आधी खोली रिकामी करा, आणि तिकिटं रद्दीत द्या, मला आता दिसत नाही आणि बघायचंही नाही," ते काम आईने माझ्या गळ्यात घातलं. मी तसा रिकामाच होतो. पवईचं रंगकाम सुटलं. म्हणजे मीच सोडलं. पंचविसाव्या मजल्यावर पाळण्यात बसून भिंत रंगवायची, खाली तलाव, त्यात मगर दिसते का बघत बसलो आणि एक अख्खा पट्टा रंगवायचा राहिला. मुकादम ओरडला, मी खाली उतरलो. ते जाऊ दे.

रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी खोका उघडून बघितला, एवढंच. दोन मिनिटं म्हणून बसलो आणि तीन आठवडे गेले.

आधी रंगाने लावायला घेतली. नारिंगी एका बाजूला, निळी एका बाजूला, जांभळी, हिरवी. छान दिसत होती, रांगोळीसारखी. मग खोक्याच्या तळाला तुमची वही सापडली. पहिल्याच पानावर: 'आधी किंमत, मग वॉटरमार्क, मग पाठ. रंगावर विश्वास ठेवू नये, ऊन लागलं की रंग बदलतो.' झालं, सगळी रांगोळी मोडली. अर्ध्या पेनीपासून परत सुरुवात.

मग ओट्याचा कडप्पा घासून पुसून कोरडा केला. सिलिंडर गॅलरीत नेऊन ठेवला (हो, तुमच्या वहीत ते लाल शाईने दोनदा लिहिलंय). तिकीट कडप्प्यावर पालथं, वर लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब. आबा, पहिल्यांदा कागदातून मुकुटांचा वॉटरमार्क वर आला तेव्हा मी मागेच सरकलो. एवढंसं तिकीट, आणि आत कोणीतरी लपून बसल्यासारखे मुकुट! मुकुटांबरोबर राणीच्या नावाची अक्षरं असली तर कागद आधीचा, नुसते मुकुट असले तर अठ्ठावन्ननंतरचा. आता मला वहीत बघावंही लागत नाही. नंतरच्या तिकिटांवरचे ते अदृश्य पट्टेही ओळखतो. ट्यूबलाइटखाली तिकीट डोळ्याच्या रेषेत आडवं धरायचं, जिथे चमक मरते तिथे पट्टा. बरोबर ना?

सतराव्या दिवशी जांभळं तीन पेनी पालथं केलं, आणि मागे दोन रेघा. उभ्या, काळ्या, अगदी सरळ. पुढून साध्यासारखंच दिसणारं, पण रेघांचं म्हणून दुर्मिळ, अल्बममधल्या तुमच्या अकरांसारखं.

मी असा ओरडलो की शेजारच्या प्रेमाकाकू लाटणं घेऊनच आल्या.

"काय रे, काय झालं? साप?"

"काकू, रेघा!"

"कसल्या रेघा?"

"काळ्या! तिकिटाच्या मागे! बघा ना!"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "मग एवढं काय ओरडायचं? खोडरबर घे आणि पुसून टाक की."

मी तिकीट त्यांच्यापुढून उचलून घेतलं.

मावशी, इथे जरा थांब. आबांना पाणी दे. आणि पुढचं त्यांच्याजवळ बसून वाच.

आबा, नऊ वर्षांपूर्वी तुमच्या अल्बममधल्या अकरा तिकिटांच्या रेघा धाकूकाकांनी नेल्या नाहीत. त्यांनी रेघांची तिकिटं काढून तिथे साधी ठेवली नाहीत. त्या रेघा मी खोडल्या.

मी चौदा वर्षांचा होतो. तुम्ही म्हणाला होतात, "अल्बमवरची धूळ पुसून ठेव, रविवारी धाकू यायचाय." आपल्या घरी जूनमध्ये काय चालायचं आठवतं ना? बाजारातून जुनी पुस्तकं यायची, आणि आधीच्या पोराने पेन्सिलने केलेल्या खुणा खोडायचं काम माझं. आई सगळ्यांना सांगायची, शिवदासने खोडलेलं पुस्तक नव्यासारखं दिसतं. दुसऱ्या कशातच माझं कौतुक झालेलं मला आठवत नाही. तर मी धूळ पुसता पुसता एक तिकीट उचललं, मागे रेघा दिसल्या. वाटलं, कोणीतरी पट्टी लावून पेन्सिल फिरवलीय. म्हटलं, आबांना खूश करू. साध्या रबराने जाईनात, म्हणून शाईचा खोडरबर घेतला, तो खरखरीत. अकराच्या अकरा. जीभ बाहेर काढून, जपून, एकही फाटू न देता. पुन्हा होती तशी लावली. आणि तुम्ही कधी ओळखता याची वाट बघत बसलो.

रविवारी धाकूकाका आले, तुम्ही दोघं बोलत बसलात. तुम्ही मला वडे आणायला पाठवलंत आणि स्वतः खाली सोसायटीच्या मीटिंगला सही करायला गेलात. काका अल्बमजवळ एकटे. तुम्ही वर आलात, त्यांना दाखवायला म्हणून तिकिटं उलटी केलीत. मी वड्यांची पुडी घेऊन दारात पोचलो तेव्हा तुम्ही म्हणत होतात, "धाकू, तुझ्या बोटांना मासळीचा वास येतो ते मी चाळीस वर्षांत कधी बोललो नाही. आज चोरीचा येतोय."

धाकूकाका उठले. चिमटा टेबलावर ठेवला, चप्पल घातली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. माझ्या डोक्यावर, आबा.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पुडी गरम होती, हाताला चटके बसत होते, ते आठवतं. मग संध्याकाळी सांगू, उद्या सांगू. मग तुम्ही अल्बम ट्रंकेत टाकलात आणि घरात तिकिटाचं नाव बंद झालं. त्यानंतर मी कुठेही टिकलो नाही. गोव्याचं हॉटेल, पनवेलचं गॅरेज, कुरियर, पवई. तुम्ही म्हणता पायाला भिंगरी आहे. खरं म्हणजे कुठेही चार दिवस बरे गेले, कोणी मायेने बोललं, की मला तो डोक्यावरचा हात आठवायचा, आणि मी तिथून निघायचो.

तर प्रेमाकाकू गेल्या. मी ते जांभळं तीन पेनी, तुमचा अल्बम आणि धाकूकाकांचा चिमटा पिशवीत घातला आणि निघालो. घाटकोपरला मेट्रो धरली, वर्सोव्याला उतरलो. पत्ता नव्हता. कोळीवाड्यात विचारलं, "मिलमध्ये होते ते, तिकिटंवाले धाकूकाका?" एका बाईने सुकट निवडता निवडता बोट दाखवलं.

दारात त्यांची नात, पूर्वी. मी म्हटलं मुलुंडहून आलोय. तशी दार अर्धं लावत हळूच म्हणाली, "मुलुंड म्हणू नको हां. मुलुंडचं नाव काढलं की तात्या टीव्हीचा आवाज वाढवतात."

आतून टीव्हीचा आवाज वाढला.

मी आत गेलो, चिमटा त्यांच्यापुढे ठेवला, आणि जे तुम्हाला वर लिहिलंय ते सगळं उभ्याने बोललो. टीव्हीवर कसलीशी जाहिरात मोठ्याने चालली होती, तिच्यावर ओरडून बोललो. माझा गुन्हा सगळ्या आळीने ऐकला असेल. पूर्वीने शेवटी टीव्ही बंद केला तेव्हा मी "खोडरबराने" हा शब्द एकटाच ओरडत होतो.

धाकूकाका उठले. मला वाटलं आता पडणार. पडलीच, टपली, चांगली सणसणीत. "नऊ वर्सं?" म्हणाले. "नऊ वर्सं तोंडात काय बोंबील धरला व्हता?" आणि आत निघून गेले. मी पूर्वीकडे बघितलं. ती म्हणाली, "बस. मारलंय म्हणजे राग गेलाय. नाही तर बोललेच नसते."

ते भिंग घेऊन आले. हात साबणाने धुऊन, पुसून. तुमचा अल्बम उघडला, माझ्याच चिमट्याने, म्हणजे त्यांच्याच, एक तिकीट उलटं केलं, खिडकीच्या उजेडाला तिरकं धरलं.

"ये, बघ. दिसतंय काय?"

दिसलं, आबा. काळं काही उरलं नाही, पण रेघा होत्या तिथे कागद खरवडून दोन सरळ चर पडलेत. अकराच्या अकरांवर. दोन पेनीच्या तपकिरी तिकिटावर एकच चर, कारण त्याला मुळात एकच रेघ असते. मी खोडलं तरी माझं खोडणं तिथेच राहिलं होतं.

मग त्यांनी तिकीट सुलटं केलं आणि एकदम हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पूर्वी पाठ चोळायला धावली.

"तुज्या आज्यानं मागची बाजू बघितली. पुढं शिक्का बघितला नाय? काय लिवलंय? साउथॅम्प्टन. ह्याच्यावर? साउथॅम्प्टन. सगल्यांवर. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, एकोनसाठ. तुजा पणजा आगबोटीवर खलाशी, बोट तिथं लागायची, तिथनं तो मधूला, तुज्या आज्याला, पत्रं टाकायचा. ह्या रेघांची तिकिटं आधी त्याच भागात विकायची, यंत्राला पाकीट सरळ करता यावं म्हनून. आता सांग, बदलायला मी त्याच गावाच्या शिक्क्याची, त्याच तारखांची अकरा साधी तिकिटं आननार कुठनं? तुज्या पणज्यानं मना पन पत्रं लिवली व्हती काय?"

आबा, तुम्ही मला लहानपणी शिकवलं होतं, तिकीट ओळखताना शिक्का शेवटी, पण बघायचाच. त्या दिवशी तुम्ही बघितला नाहीत. मी तुम्हाला दोष देत नाहीये. माझी चूक आधीची आणि मोठी आहे. पण तुमच्या वडिलांनी पाठवलेली तिकिटं कुठेही गेलेली नाहीत. चोरीला गेली म्हणून तुम्ही नऊ वर्षं ज्यांच्याकडे बघितलं नाहीत, ती तुमच्या ट्रंकेतच होती. तीच. हे मला तुम्हाला सांगता येतंय याचा मला इतका आनंद झालाय की काल मी गॅलरीत नाचलो, प्रेमाकाकूंच्या कुंडीला लाथ लागली. कुंडी शाबूत आहे.

आज रविवार. धाकूकाका सकाळीच इथे आलेत, पूर्वीने आणून सोडलं. ओट्याशी स्टुलावर बसून माझी पाकिटं तपासतायत. आतापर्यंत चार चुका काढल्या. दोन हजार तीनशे चाळीसमध्ये चार! मी म्हटलं, "काका, झकास ना?" तर म्हणाले, "पाचवी सापडू दे, मंग बोलू." पण ते जांभळं तीन पेनी त्यांनी स्वतःच्या हाताने अल्बममध्ये लावलं, खोडलेल्या तीन पेनीच्या शेजारी. रद्दीवाला काही येणार नाही. अल्बम देवगडला येतोय, मी घेऊन येतोय, येत्या शनिवारी.

काका येतील का, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि जे बोलले ते शब्दाला शब्द लिहितो: "मी चोर नवतो हे मना शिवदासाकडनं कललं. मधूकडनं कलायचं हाय."

म्हणून आबा, तुम्ही फोन करा. नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. मी इकडे देवगडच्या गाडीची दोन तिकिटं काढायची की एकच, ते त्या फोनवर ठरेल. मला माफ करायचं की नाही ते नंतर, निवांत, समोर बसवून ठरवा. मी पळणार नाही.

शेवटचं. सोबत लहान पाकिटात एक तिकीट ठेवलंय, खोडलेल्या अकरांतलं, निळं एक पेनी. तुम्हाला दिसणार नाही, म्हणून दिसायची गरज नाही. तिकिटाला बोट लावायचं नाही हा तुम्हा दोघांचा कायदा मला माहीत आहे. पण धाकूकाका म्हणाले, "ह्या एकाला लावू दे त्याला." मावशी, ते पालथं करून आबांच्या तळहातावर ठेव. आबा, अंगठा हळू आडवा फिरवा. दोन चर लागतील.

लागले?

तुमच्या वडिलांनी चिकटवलेलं, मी खोडलेलं, आणि धाकूकाकांनी कधीही न चोरलेलं.

तुमचा,
ज्याने आयुष्यात दोनच कामं पूर्ण केली, त्यातलं पहिलं चुकीचं होतं,
शिवदास