पुढची खोली आणि राखाडी पँट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर नोकरीस, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. दाढा बघून बुद्धीचं काय कळतं, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आ करा म्हटलं की आ करता, एवढं पुरे." माझ्यावर कुणाचं दडपण नाही. मेहुण्याचं होतं, ते आज सकाळी उतरवलं. आनंदामुळे अक्षर ओळीत राहत नाहीये, म्हणून कागद बनावट समजू नये.

कलम १. बँकेतली शिल्लक पत्नी आणि मुलीला निम्मी-निम्मी. त्यावरून भांडू नये. भांडण्याजोगी ती नाहीच.

कलम २. घराची पुढची खोली. इथे माझी पत्नी शिलाईचं मशीन घेऊन बसते. भिंतीपलीकडे तिच्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या मेहुण्याची, व्यायामशाळा आहे. भिंत पाडून इकडेही आरसे लावायचे, असा त्याचा बेत. "ताई काय, मागच्या खोलीतही शिवेल." मागच्या खोलीला खिडकी नाही, आणि सुई आरशात बघून ओवता येत नाही.

त्याचं दुसरं ठाम मत असं, की सायकलने पायात ताकद येत नाही. "दाजी, सायकलने नुसता दम वाढतो. लोखंड उचलल्याशिवाय मांडी भरत नाही." मी रोज कॅरियरवर हिच्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं गाठोडं बांधून टेकडी चढतो. काही वर्षांपूर्वी यावरून मी चिडलो, पैज लागली. व्यायामशाळेला दहा वर्षं होतील त्या दिवशी माझी राखाडी पँट मांडीत अडकली, तर त्याने खोलीचं नाव काढायचं नाही. सहज बसली, तर मी मृत्युपत्रात खोली त्याच्या नावे लिहायची. टाळ्या दिल्या-घेतल्या. जिच्या खोलीवर पैज लावली तिला सांगायचं मात्र दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तो दिवस आज. पँट चढवली. बसली! मेहुणा "घ्या लिहायला" म्हणाला आणि टेप काढून भिंत मोजू लागला. मी पडेल चेहऱ्याने कच्च्या कागदावर 'घराची पुढची खोली' इथवर लिहिलं, तोच ही मागे येऊन उभी.

"काय लिहिताय?"

सांगावं लागलं. तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"पँट काढा."

"अगं, याच्यासमोर?"

"काढा म्हणते ना!"

मी टॉवेल गुंडाळून उभा राहिलो. तिने पँट उलटी केली. मांडीच्या शिवणीलगत जुन्या टाक्यांच्या बारीक भोकांच्या रेघा, एकीशेजारी एक, झाडाच्या कापलेल्या बुंध्यात वर्षांच्या असतात तशा.

"इस्त्री करताना मांडीत ताणलेली दिसायची. थोडी थोडी सोडत गेले. आता आत सोडायला कापड उरलं नाही."

"मला बोलायचं नाहीस?"

"गिऱ्हाइकाला कुणी सांगतं का, तुम्ही वाढलात म्हणून?"

मेहुणा चाचरला. "चरबी असेल. कंबरही सोडली असशील की."

"कंबर दोनदा आत घेतली."

"ताई, तू आहेस कुणाच्या बाजूची?"

"मापाच्या."

"मांडी जाड म्हणजे ताकद नव्हे," त्याने शेवटचं अस्त्र काढलं. मग मी पँट पुन्हा चढवली आणि त्याला कॅरियरवर बसवलं. मेहुणा म्हणजे बोलणारं कपाट. निम्म्या चढावर कपाट ओरडू लागलं, "दाजी, मान्य! थांबा! लोक बघतायत!" लोक बघत होते म्हणूनच थांबलो नाही. टाकीपाशी पोचलो तेव्हा धाप मला लागली होती आणि घाम त्याला फुटला होता.

न्यायाला धरून नमूद करतो: माझे दंड काडीसारखेच राहिले, सायकल तिथवर पोचत नाही. शिवाय सपाट रस्त्यावर रमतगमत फिरून मांड्या अशा भरत नाहीत. चढ हवा, ओझं हवं. ओझ्याबद्दल पत्नीच्या गिऱ्हाइकांचा आभारी आहे.

सबब पुढची खोली, खिडकी आणि उजेडासह, पत्नीची. माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून. त्याला वेगळं दानपत्र लागतं असं वकील म्हणतात. तेही उद्या करतो.

कलम ३. सायकल माझ्या पश्चात मेहुण्याला. अट एकच: बहिणीची गाठोडी त्याने टेकडीवर पोचवावीत. वाटेत उतरून ढकलताना दिसला, तर सायकल माझ्या मुलीची. ती लक्ष ठेवणार आहे. मी नेमणूक केली आहे.

कलम ४. राखाडी पँट कुणालाही देऊ नये. व्यायामशाळेत, आरशासमोर, उलटी करून टांगावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि वाचताना दोनदा मोठ्याने हसलो, हे साक्षीदारांनी पाहिले आहे.

साक्षीदार: १) दातांच्या डॉक्टरीणबाई. २) कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, कॅरियर वाकल्याची नोंद त्याने वेगळी करून ठेवली आहे.

लिहून ठेवणार: सही

ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: व्यायामशाळेचा दहावा वाढदिवस, उजेड असेपर्यंत.

(ज्यांना काही मिळणार त्यांची सही साक्षीला चालत नाही, म्हणून पत्नीने समासात खडूने एवढंच लिहिलं: "चढावर पँट दोन्ही मांड्यांत उसवली आहे. नवी शिवते. या वेळी माप घेऊन.")