कल्याणहून परत आलेली भाजी

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही मला नीट आठवत नाही. एक दिवस मात्र तसाच आहे, आणि त्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही. अक्षरं मी तुमच्या दुकानातच शिकले, पुड्या बांधायच्या रद्दीवरची जुळवत जुळवत. म्हणून तुम्हालाच लिहिते.

स्वातंत्र्य नुकतं मिळालं होतं. तुमचा मुलगा जाऊन वर्ष झालं होतं आणि मी खडवलीच्या आपल्या दुकानात तुमच्या शेजारी बसू लागले होते. मीठ, गूळ, घासलेट, सुके बोंबील. नदीकाठच्या वाफ्यांतली भाजी सकाळच्या गाडीनं कल्याणला जायची, आणि तिथं कुणी न घेतलेली संध्याकाळी टोपलीतून परत यायची. तीच आपण विकायला ठेवायचो. गावात पिकलेली भाजी गावाला मिळायची ती कल्याण बघून आलेली. मी तिच्यावर पाणी शिंपडायचे, तुम्ही शिकवलं होतं तसं.

त्या सकाळी शेजारची म्हातारी आली. "लेक बाळंत झालीय माझी. शेपू दे गो, चांगलासा." पुढ्यात कालची जुडी, टोकं पिवळी पडलेली. मी म्हटलं, "मावशी, हा नको नेऊ. बाळंतिणीला देण्यासारखा नाही." "मग काय, बोंबील घालू तिला?" म्हणत ती रिकाम्या हातानं गेली. तुम्ही तराजू खाली ठेवलात. "दुकान चालवतेस की मोडतेस? ताज्याची एवढी हौस असेल तर कल्याणला जाऊन राहा." कंटाळा आला होता मला, मामंजी, सगळ्याचा, रडायचासुद्धा.

दुपारी तुम्ही न सांगता नदीवर गेलात, आणि ओला, कोवळा शेपू आणून चुलीपाशी ठेवलात. "म्हातारीकडे पोचव," एवढंच. मी जुडी उचलली, तिला मातीचा वास होता. माहेर सुटल्यापासून असं पान माझ्या हाताला लागलं नव्हतं. मी मुगाची डाळ घालून तो परतला आणि चुलीपाशीच बसून भाकरीबरोबर खाल्ला, सगळा. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "दिलास?" मी हो म्हटलं. शेपूचा वास घरभर होता. तुम्ही हात धुतलेत आणि पानातली आमटी-भाकरी जेवलात.

दुसऱ्या सकाळी तुम्ही दोन जुड्या आणल्यात. "एक म्हातारीला," म्हणालात. दुसरीचं काही बोलला नाहीत. पुढे वाफ्यावरची बाई गाडीला जायच्या आधी रोज चार जुड्या आपल्याकडे टाकून जाऊ लागली. जुनी माणसं अजून म्हणतात, तुझ्या सासऱ्यांमुळे गावाला ताजी भाजी मिळाली. मी मान डोलावते.

हे कुठं पाठवायचं नाही, घडी करून कपाटात ठेवीन. एवढं मात्र सांगते, त्या दोन जुड्यांतली मोठी मी घरात ठेवली होती.