हाक कोणाची ऐकलीस?

आईस सप्रेम सलाम,

मी खुशाल आहे. खोली उबदार आहे, दोन्ही वेळा नीट जेवतो. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

पाळक व्हायच्या शिक्षणासाठी सेमिनरीत अर्ज करतोय, त्यासोबत निबंध द्यायचाय, देवाची हाक कधी ऐकली म्हणून. इथे इस्पितळात मी रुग्णांचं स्ट्रेचर ढकलतो, म्हणून मला सगळे 'ए स्ट्रेचर' म्हणूनच बोलावतात. परवा रिकाम्या कॉरिडॉरमध्ये कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली. आवाज थेट तुझा, जेवायला बोलावतेस तसा. मी 'आलो' म्हणूनसुद्धा बसलो.

तेच लिहिलं. इथल्या चर्चच्या पाळकसाहेबांना वाचायला दिलं, तर ते हसले. "अरे, ही तर आईची हाक!"

म्हटलं, मला फरक कळत नाही.

रविवारी फोनवर आधी काही विचारू नकोस. स्वयंपाकघरातून मारतेस तशी एकदा हाक मार. मी 'आलो' म्हणायला बसलेलाच असेन.

तुझा धाकटा